दहापैकी दहा

गेट केबिन, वडपे
८ डिसेंबर २०२५, सोमवार

प्रिय मिलिंददादा,

सप्रेम जय भीम.

तू बरा असशील, सोनलवहिनीही बऱ्या असतील. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तरी सहा तारखेला दादरला गेलीच. चैत्यभूमीच्या रांगेत पाच तास उभी होती आणि पाचही तास मागेपुढे बघत होती, चाकणहून तू आला असशील म्हणून. घरी आल्यावर म्हणाली, गर्दीच एवढी की दिसला नसेल. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

कागदावर लिहितेय, कारण मोबाइलवर तू मला ब्लॉक केलंयस. रघू आज नऊ वाजता चाकणची ट्रिप घेऊन निघतोय, त्याच्याकडे हे देते. त्याला बजावलंय की दादाच्या हातातच दे. फाडायचं तर फाड, पण आधी वाच. बातमी मोठी आहे.

काल केसरीनाथ काकांच्या हॉलमध्ये आपल्या ‘पहिले दहा’ची फायनल झाली. दोनशे चौदा माणसं, दादा! मी स्वतः मोजली. टपरीवर तू हा खेळ काढलास तेव्हा आपण नऊ जण होतो, आठ ड्रायव्हर आणि मी. लोडिंग स्लिपच्या पाठीवर फॉर्म्युला वनच्या पहिल्या दहांचा क्रम लिहायचा, नेमकी जागा बरोबर आली तर पाच गुण, दहात आला पण जागा चुकली तर एक. पैसे लावायचे नाहीत, वर्षाच्या बेरजेवर फक्त कप आणि प्रितमच्या टायरच्या दुकानातल्या फळ्यावर नाव. आजही नियम तेच आहेत. खेळ चालवणारा स्वतः खेळत नाही, हा नियमही तुझाच, आणि तू लांबच्या ट्रिपा घ्यायला लागलास तेव्हा तो माझ्या गळ्यात पडला.

काल पूर्णा गावच्या गोदामांतली सगळी पोरं आली होती. पॉवरलूमवाले शकीलचाचा शिफ्ट बदलून आले. आमच्या पॅकिंगच्या एकेचाळीस बायका होत्या, त्यातल्या निम्म्यांना गाड्यांच्या टायरचे रंगसुद्धा कळतात, मला विचारून विचारून शिकल्या. धोंडूबाई काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट केलं होतं. पडदा केवढा लावला होता म्हणून सांगू! गाड्या अंगावर येतायत असं वाटून पुढच्या रांगेतली पोरं पाय वर घेत होती.

आणि कप कोणी जिंकला माहितीये? तुळजाने. पॅकिंगच्या तिसऱ्या टेबलावरची, तू बघितलंयस तिला, सायकलसुद्धा चालवता येत नाही तिला. दोन गुणांनी जिंकली. तिला खांद्यावर घ्यायला निघाले होते सगळे, ती लाजून खुर्चीखाली लपली.

एवढंच लिहून थांबले असते तर पत्र छान झालं असतं. पण तुळजा जिंकली कशी, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि ते सांगायला लागले की तुझ्याकडे यावंच लागेल.

मोबाइलवर आलेल्या अंदाजाला मोबाइलची वेळ आणि कागदी चिठ्ठीला गेटच्या घड्याळाची, हे तुला माहीत आहे. पाचची कटऑफ. चिठ्ठी गेटवर आली की मी इनवर्डचा शिक्का मारायचा, खाली वेळ टाकायची, गोदामात येणाऱ्या मालाला मारते तसाच. काल फायनल म्हणून देवेशने हौसेने ते घड्याळ काढून हॉलमध्ये आणून टांगलं. काकांचा पुतण्या तो, त्याला कशाचा तरी तमाशा लागतोच. पाच वाजले. मी “बंद!” म्हणून ओरडले, टाळ्या पडल्या. आणि दारातून तुळजा धावत आली. रिक्षा मिळाली नव्हती, नाक्यापासून पळत आली होती, चिठ्ठी घामाने ओली झालेली. घड्याळात पाच वाजून दोन मिनिटं.

देवेश लगेच म्हणाला, “भावाला न्हाय सोरला हिनं. आता हिला सोरते का, बघू.”

माझ्या हातात शिक्का. दादा, तेच घड्याळ, तोच शिक्का, फक्त समोर तुझ्याऐवजी तुळजा उभी होती. तुझ्यासारखीच, धापा टाकत आणि हसत, कारण मी नाही म्हणेन असं तिच्या डोक्यातही नव्हतं.

मी म्हणाले, “चिठ्ठी वेळेत आहे. हे घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे.”

“कोनी केला पुरं?” देवेशने विचारलं.

“मीच. ड्रायव्हर लोक वेळेवर गाडी लावत नाहीत म्हणून.”

सगळे हसले. त्यावर निभावलं असतं. पण केसरीनाथ काका पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर हात ठेवून, आणि ते हसले नाहीत. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “कवापासून गं पोरी?”

मी दोन वर्षं म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

मग बघ, एकेकाच्या चेहऱ्यावर हिशोब जुळायला लागला. माइक माझ्याच हातात होता, म्हणून मी सांगून टाकलं. हॉलमध्ये निम्मे लोक नवीन होते, त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगितलं. की गेल्या वर्षी एका रविवारी माझा भाऊ कंटेनर घेऊन आला, त्याचा मोबाइल बंद पडला होता, म्हणून त्याने चिठ्ठी लिहून गेटवर दिली. घड्याळात पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. तो मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणाला, वने, अजून दोन मिनिटं आहेत. मी म्हणाले, इथे गेटचं घड्याळ चालतं. आणि ‘नामंजूर’ लिहिलं. त्या संध्याकाळी त्या चिठ्ठीतले दहाच्या दहा जसेच्या तसे आले. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत. या खेळात तसं आधी कोणाचं आलं नव्हतं आणि नंतर आजवर कोणाचं आलेलं नाही. ते गुण धरले असते तर गेल्या वर्षीचा कप त्याचा होता. मी धरले नाहीत, कप केसरीनाथ काकांना गेला. त्याने गाडीची चावी टेबलावर ठेवली, महिन्याभरात चाकणला बदली मागून घेतली, आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

रडले, लपवत नाही.

हॉलमध्ये जे सांगितलं ते एवढंच. त्यापुढचं फक्त तुला लिहितेय.

घड्याळ मीच पुढे केलंय हे मी विसरून गेले होते, पण त्याच दिवशी मला ते आठवलं होतं. घरी निघताना मोबाइल बघितला, पाच चाळीस. गेटच्या घड्याळात पावणेसहा. डोक्यात लख्ख झालं. शर्यत साडेसहाची होती, दादा. पन्नास मिनिटं होती हातात. ग्रुपवर एक ओळ टाकायची होती, ‘माझी चूक, मिलिंदची चिठ्ठी वेळेत आहे.’ टाकली नाही. कारण तू गेल्यावर गेटवर सगळे म्हणाले होते, वनिता म्हणजे वनिता, सख्ख्या भावालाही सोडत नाही. त्याआधी मी बाईमाणूस म्हणून देवेशसारखे लोक माझा प्रत्येक निकाल उकरून काढायचे. त्या दिवसापासून कोणी ब्र काढला नाही. मला ते गोड लागलं. मनाला समजावलं की दादाची चिठ्ठी कुठे एवढी बरोबर येणार आहे, दहा-बारा गुणांचा तर प्रश्न. मग शर्यत संपली, मी चिठ्ठ्यांचं पाकीट उघडलं, आणि एकेक नाव जुळवत खाली आले. दहाच्या दहा.

त्यानंतर रोज ठरवायचे आणि रोज राहायचं. घड्याळही बरोबर केलं नाही, कारण केलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं की का केलंस. तुझ्या दहावर मी माझं नाव मोठं केलं. याला चूक म्हणत नाहीत, मला माहीत आहे.

आता पुढचं ऐक, कारण ते सांगायला मी पहाटेपासून तडफडतेय.

माझं बोलणं झालं तसे केसरीनाथ काका उठले. “म्हंजी ह्यो कप माझा न्हायच? मंग वरीसभर माझ्या घरान कसाला बसलाय?” एवढं बोलून चालते झाले. बाहेर स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं संपलं, काका हॉलचे दिवेसुद्धा बंद करतील आता. धोंडूबाई काकू म्हणाल्या, “थांब गं, त्यान माझी रिला हायेत.” मला काही कळेना.

दहा मिनिटांत काका परत. हातात कप, आणि कपात काकूंच्या शिवणाच्या रिळा. त्या त्यांनी काकूंच्या पदरात ओतल्या, कप धोतराने पुसला आणि माझ्यापुढे धरला. एक लाल रीळ तळाशी अडकलेली होती, ती मग सुटली. “मिलिंदाला दे,” म्हणाले. “दहा म्हंजी दहा. मना पन्नास वरीसान जमाचा न्हाय.”

शकीलचाचा मागून ओरडले, “बेटी, साल लगा दिया तूने! चल, अब नाम लिख!”

आणि दादा, अख्खा हॉल “दहा! दहा! दहा!” करून ओरडायला लागला. बायका ताटं वाजवत होत्या. देवेशसुद्धा! तोच देवेश प्रितमच्या दुकानातून फळा उचलून घेऊन आला. गेल्या वर्षीच्या ओळीवरचं काकांचं नाव काकांनी स्वतः पुसलं आणि मी तुझं लिहिलं, मिलिंद, आणि पुढे कंसात दहापैकी दहा. तुझी चिठ्ठी मी इतके दिवस रजिस्टरच्या पुठ्ठ्यात ठेवली होती. ‘नामंजूर’वर लाल रेघ मारली, खाली ‘मंजूर, ४.५८’ लिहून सही केली, दोनशे चौदा माणसांसमोर. आज ती लॅमिनेट होऊन फळ्यावर लागेल.

हे सगळं शर्यतीच्या आधी. मग गाड्या सुटल्या आणि तुळजा जिंकली. तुझी चिठ्ठी मान्य झाली म्हणून तिचीही झाली, असं तीच सगळ्यांना सांगत होती.

मी खेळ चालवण्याचं काम सोडते म्हणाले. काका म्हणाले, सोडायचं की नाही ते मिलिंद ठरवेल. तेव्हा ते तुझ्या हातात आहे. तू सोड म्हणालास तर सोडेन, रजिस्टर प्रितमला देईन आणि खूश राहीन.

कप आपल्या घरी टीव्हीवर आहे. आई कोणाला हात लावू देत नाही. काल रात्री पप्पांनी तो उचलला, उलटा करून तळ बघितला आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा तुझं नाव घेऊन बोलले, “मिलिंदला सांग, येऊन घेऊन जा.” म्हणून तो रघूबरोबर पाठवत नाही. तुला यावं लागेल. तोंडावर मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. मला तू हवायस, दादा. फार हवायस.

गेटचं घड्याळ सकाळी परत टांगताना खुर्चीवर चढून बरोबर केलं. आता ड्रायव्हर खूश आहेत, मॅनेजर कुरकुरतोय. तुला मात्र कटऑफ नाही. केव्हाही ये.

तुझी,
वनी

वेळ सकाळी ७.४२. मोबाइलवर बघून लिहिली आहे.