घरी गेला म्हण

आई, तो छत्रीवाला सापडला. तात्यांनी पोस्टिंगवरून येताना आणलेल्या व्हिडिओ गेममधला, छत्री घेऊन विहिरींवरून उड्या मारत जाणारा तो एवढासा माणूस. काल दुपारी सांगलीत माझ्या फ्लॅटच्या दारात कुरिअरवाल्याने खोकं ठेवलं, आणि त्यात इतर दोन कॅसेटींच्या खाली तो होता. मी आनंदाने नाचायला हवं होतं. मी खुर्चीत बसले ती बराच वेळ बसूनच राहिले, कारण खरं सांगायचं तर मी दमले आहे.

तुला हे समजावून सांगणं जरा अवघड आहे. जपानमधले जुने गेम गोळा करून दर महिन्याला घरपोच पाठवणारे लोक असतात. वर्गणी भरायची आणि येईल ते घ्यायचं, निवड आपली नाही. आपला गेम तू गेल्यावर मामाच्या घरी गेला आणि तिथून भंगारात. कॅसेटवरचा कागद तर आधीच निघाला होता, त्यामुळे नाव सांगून मागवायची सोय नव्हती. मग जे येईल ते लावून बघायचं. कधी नुसते मासे धरायचे, कधी घोड्यांच्या शर्यती, कधी पडद्यावर जपानी अक्षरांची रांग आणि मी आपली बटणं दाबतेय. शोकेसमध्ये कपबशांच्या जागी कॅसेटी आल्या. ऑफिसातल्या बायका साड्यांची भिशी लावतात, मी ही लावली. तात्या गेल्या वर्षापासून माझ्याकडेच असतात. खोकं आलं की पेपरातून मान वर न करता विचारतात, "आलं का गं तुजं भंगार?"

मला अजून दिसतं, गावाकडच्या घरात तू स्वयंपाकघरात भाकरी थापतेयस. बाहेर टीव्हीपुढं माझा माणूस विहिरीत पडतो आणि मी ओरडते, "मेला! मेला!" तू पिठाच्या हातानं तरातरा बाहेर येतेस. "जिभंला काय हाड हाय का न्हाई? बाप तिकडं सरहद्दीवर, आन् भरल्या घरात मेला मेला काय वरडतीस? घरी गेला म्हण." मी म्हणते, "आगं, त्येला तीन जीव असत्यात. परत येतोय त्यो." तू म्हणतेस, "मग झालं तर. घरी गेला, जेवला, आला परत."

आणि मग तूच त्या गेमच्या नादाला लागलीस. उडी मारायची म्हणजे रिमोटसकट तूच पाटावरून उठायचीस, आणि तो पडला की पदराने घाम पुसत म्हणायचीस, "गेला बाई घरी. दमला आसंल." आपल्या घरात तो शब्द असा रुळला की मैत्रिणींपुढेही माझ्या तोंडून तोच यायचा आणि त्या हसायच्या.

मी दहावीत होते तेव्हा तू आजारी पडून मिरजेच्या दवाखान्यात होतीस, आणि तिथेच गेलीस. बाहेरच्या एसटीडी बूथवरून मामाने खटपट करून तात्यांच्या युनिटला फोन लावला. तात्या लाइनवर आले आणि मामाचा आवाजच फुटेना. त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला. मला शब्द सापडेना. एकच होता, तो मी वापरला. "तात्या, आई घरी गेली."

लाइनवर खरखर होती. मग तात्या म्हणाले, "लय बरं झालं. आता तिला घरचं खाऊ घाल. मी सुट्टी काढून येतोय."

मी "व्हय" म्हणाले आणि फोन ठेवला. तात्या आले तोवर सगळं उरकलं होतं. दारात उभे होते तेव्हा त्यांच्या हातात सफरचंदांची पिशवी होती. तो शब्द तू काढलास तेव्हा तात्या सरहद्दीवर होते. त्यांना तो कुठून माहीत असणार? पोरीने आपल्याला फसवलं, असंच त्यांना वाटलं असणार, हे मी इतकी वर्षं धरून चालले. त्यांनी कधी विचारलं नाही, मलाही कधी सांगता आलं नाही. म्हणून तर हवा होता मला हा गेम. तोंडाने जमेना, निदान दाखवता तरी येईल.

काल संध्याकाळी तात्यांना टीव्हीपुढं बसवलं. माणूस मुद्दाम पहिल्याच विहिरीत पाडला. आता सांगायचं म्हणून मी तोंड उघडतेय, तोच तात्या म्हणाले, "गेला घरी."

मी रिमोट खाली ठेवला. "तुमाला कसं म्हाईत?"

"सुट्टीवर आलो तवा मीबी मेला म्हणलो व्हतो. पिठाचा हात दावला तिनं मला."

"मग तवा, फोनवर?"

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. "कळलं व्हतं. पण दुसराबी अर्थ निघत व्हताच की. दोन दिस गाडीत बसायचं व्हतं मला. मी दुसरा धरला."

"आन् सफरचंदं?"

"आजारी माणसाकडं रिकाम्या हातानं जात्यात व्हय?"

मला रडू आलं. तात्या माझ्याकडे न बघता टीव्हीकडे बघत म्हणाले, "चालू ठेव. दोन जीव हायत अजून."

आम्ही ते दोन्ही घालवले आणि जेवायला बसलो. वर्गणी आता बंद करायला हवी, सापडायचं ते सापडलं. ती आज करू, उद्या करू म्हणतेय. आज सकाळी हे पत्र लिहून झालं आणि सवयीने पाकीट घेतलं. एक सांगते, हसू नकोस. तू कुठे आहेस ते मला चांगलं ठाऊक आहे, तरी पाकिटावर हाताने आपसूक आपल्या गावचा, आपल्या घराचाच पत्ता लिहिला. मी तो खोडला नाही. पाकीट शोकेसमध्ये कॅसेटींपाशी ठेवून दिलंय.