केसांचा गिलावा

३ नोव्हेंबर
आले एकदाची! चऱ्होलीच्या टॉवरांमागे अख्खं इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं घर उभं केलंय. दगडी कमान, वर सरकणाऱ्या उंच खिडक्या आणि छपरावर सहा धुराडी. खाली चूल एकही नाही! मालक अर्जुनराव म्हणाले, धुराड्याबिगर फोटोत साहेबाचं घर वाटत न्हाई. हे घर लग्नांना भाड्यानं द्यायचं. साफसफाईची सुपरवायझर मी. पहिलं लग्न चोवीस तारखेला, त्यांच्याच मुलीचं, पद्मजाचं. तोवर कुठं डाग दिसता कामा नये. मला पहिल्या मजल्यावर स्वतंत्र खोली मिळाली. बाबा गेल्यापासून निगडीचं घर माझ्याच पगारावर आहे, तेव्हा नोकरी टिकवायचीच.

५ नोव्हेंबर
दिवाणखान्यातलं सागवान म्हणजे प्लायवर चिकटवलेला कागद. गिलावा मात्र अस्सल आहे. साहेबांच्या घरांत भेगा पडू नयेत म्हणून चुन्यात जनावरांचे केस कालवत. मालक माळकरी, घरात जनावराचा केस नको म्हणाले. म्हणून नदीच्या घाटावरच्या न्हाव्यांकडून माणसांचे आणवले, पोती भरभरून. लोकांनी दहाव्याला उतरवलेले. हे त्यांनी हसत सांगितलं. माझ्या हाताखालच्या दुर्गाबाई म्हणाल्या, म्हंजी आमी रोज कुणाकुणाच्या डोस्क्यावरनं फडकं फिरवतोय म्हणा की!
मी हसले नाही. ते केस सुतकासकट तिथंच टाकायचे असतात, मागं वळून न बघता.

९ नोव्हेंबर
जिन्याच्या भिंतीतून एक केस बाहेर आलेला. चिमटीत धरून ओढला, तुटला नाही. हात तीनदा धुतले.
बाबा असते तर चारदा धुवायला लावले असते. चौथीपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं. धड्याआधी माझ्या केसांतला गुंता सोडवायचे. ताटात केस निघाला की अख्खं ताट बाजूला.

१४ नोव्हेंबर
जिन्याची भिंत आता बोटभर केसाळ आहे. कात्रीनं कापत गेले. खालचा चुना कोमट, तेलकट. नखाला कोंडा लागला. खवट खोबरेलाचा वास नाकातून जात नाही. दुपारी वरण ओकले.

१७ नोव्हेंबर
सगळ्या खिडक्यांवर कावळे. काचेवर चोची मारतात. दुर्गाबाई काम सोडून गेल्या. जाताना म्हणाल्या, पगार ऱ्हाऊ द्या ताई, तुमीबी चला.
लग्न झालं की जाईन.

१९ नोव्हेंबर
माझ्या उशामागचा गिलावा निसटला. आत केसांचा पुंजका. अर्धा काळा, अर्धा तांबूस सोनेरी.
तो रंग मी ओळखते. माझ्या भावानं, प्रीतमनं काळेवाडीच्या सलूनमध्ये लावून घेतलेला. बाबा त्याला कोंबडा म्हणायचे. ऑगस्टमध्ये बाबांच्याच दहाव्याला ते केस उतरवले, त्याच घाटावर. त्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही. ऊन डोक्यावर आलं, शेवटी दर्भाचा कावळा करून लावला.
आता माझ्या खिडकीत एक बसलाय. उडत नाही.
मालकांना सांगितलं. म्हणाले, रंग मारून टाक. घर माझं हाय, तुझ्या बापाचं न्हाई.

२२ नोव्हेंबर
चहात केस. भातात. दातांच्या फटीत. रंग मारला, रंगातून वर आले — ओले, पांढरे, चिकट. भिंतीला हात लावला की ती डोकं टेकवते — नाही, असं लिहू नये.

२३ नोव्हेंबर, दुपार
बॅग भरली. मांडववाले खाली आलेत, त्यांच्याच टेम्पोतून —
घशात काहीतरी. खोकले. जिभेवर केस, टोक काळं. ओढला. हातभर आला. पुढं सोनेरी. अजून येतोय, पोटातून वर सरकताना कळतोय — शी —
दुसरं टोक उशामागच्या भिंतीत.
कात्री दिवाणखान्यात राहिली. दातानं तुटत नाही.
मी ओढायचं थांबवलं. तरी ताणला जातोय. तिकडून. झटका नाही, हिसका नाही. बाबा गुंता सोडवायचे तसं, हळू, मला दुखू नये म्हणून — तोंड आता चुन्यापाशी — कोमट — बाबा, मला —