त्यांची बस आपल्या हद्दीत नको

२० ऑगस्ट

केंद्रा बॉयसेननं पोरीला शेजारच्या केंब्रा गावच्या शाळेत घातलं. आणखी एक गेली! पोर जाते तिथे तिच्या नावाचा सरकारी पैसाही जातो. आमच्या ऑर्लीच्या शाळेला मात्र तेवढंच छप्पर, तेवढाच बॉयलर, तेवढेच मास्तर. आणि मी शाळाबोर्डाची अध्यक्ष!

मला म्हणते, "बाई, पायपर दहाची झाली, तरी तिला वाचता येत नाही. वाचनाच्या शिक्षिकेला तुम्हीच काढलंत." काढलं! पैसे नव्हते. का नव्हते? तुझ्यासारख्या आयांमुळे! या केंद्राला मीच चौथीत शिकवलंय. तेव्हाही अशीच रडकी.

२४ ऑगस्ट

बोर्डाची बैठक. केंब्राची बस पोरांना न्यायला आमच्या हद्दीत येऊ द्यायची की नाही, हे आमच्या आयोवा राज्यात बोर्डाच्या हातात असतं. बोर्डातला ड्वाइट म्हणाला, "येऊ दे ना आर्डिथ. पहाटे सहाला वृद्धाश्रमात कामावर असते केंद्रा बिचारी."

"एक चाक येणार नाही!" चार विरुद्ध एक. केंद्रा मागच्या रांगेत बसली होती. तिचं तोंड बघून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

५ सप्टेंबर

आता ती पोरीला हद्दीवरच्या धान्याच्या कोठारापाशी नेते आणि बस येईपर्यंत गाडीत बसून राहते. मुद्दाम जाऊन पाहिलं. जाताना हॉर्नही वाजवला! पोरीनं उलट हात हलवला. मठ्ठ.

१२ सप्टेंबर

वृद्धाश्रमातून ग्लेंडाचा फोन — ती तिथली मुख्य. केंद्राला सकाळपाळी जमेना, तिनं नोकरी सोडली. केंब्राच्या आश्रमात लागली, म्हणे. "तुमच्या आईला नाश्ता तीच भरवायची, आर्डिथ. दुसऱ्या कुणाकडून त्या खातच नाहीत."

खाईल. भूक लागली की सगळे खातात.

१ ऑक्टोबर

आज पटाची मोजणी. अकरा पोरं कमी. संगीताचा वर्ग बंद करावा लागणार.

सकाळी आईकडे गेले होते. "आई, आ कर." ओठ घट्ट मिटलेले. मग म्हणाली, "ती कुठंय?"

"पळून गेली."

आई रडायला लागली. मी वाटी आपटली. ओटमील सगळं चादरीवर.

२९ ऑक्टोबर

केंद्राची पोरगी वाचायला लागली म्हणे! गावभर कौतुक. आमच्या पैशावर!

८ नोव्हेंबर

आई अगदी वाळली आहे. ग्लेंडानं मला खोलीत बोलावून दार लावलं. "केंब्राच्या आश्रमात एक खाट रिकामी आहे. तिथे हलवा. नाहीतर केंद्राला फोन करा, ती अजून इथेच राहते. मी सांगून उपयोग नाही. तुम्हीच बोलावलं पाहिजे."

केंब्राला! मी! कॅफेत पोट धरधरून हसतील — बाईंची आईसुद्धा पळाली! आणि त्या रडकीपुढे हात पसरायचे? नाही म्हणजे नाही. ग्लेंडाला म्हटलं, "आई ऑर्लीत जन्मली, ऑर्लीतच राहील." ती माझ्याकडे बघतच राहिली. बघू दे.

१९ नोव्हेंबर

आजही नाही. पाणीसुद्धा नाही.

२३ नोव्हेंबर

आई गेली.

२७ नोव्हेंबर

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम, बटाटे, नेहमीचंच. केंद्रा आली. आता ही सगळ्यांसमोर मला फाडून खाणार, असं वाटलं. मी उत्तरं तयार ठेवली होती.

तिनं माझा हात धरला. "ग्लेंडाकडून कळलं होतं मला. रोज तुमच्या फोनची वाट बघत होते. न बोलावता यायला हवं होतं. चुकलं माझं, बाई."

माफी मागत होती. माझी!