झुरळं, वाळवी आणि तुझी खाट

प्रिय दत्तू,

आज तुझ्या खाटेचा पाय मोडला, म्हणून लिहितेय. रडू आलं नाही. तार आली तेव्हाही आलं नव्हतं. मला काय झालंय रे?

ब्रह्मदेशच्या लढाईत तू गेलास, असं तारेत होतं. आईने मानलं नाही. तुझ्या नावाने अंघोळ केली नाही, कुणाला करू दिली नाही. रहिमतपूरच्या घरात तुझी खाट अंथरलेलीच ठेवली. वाळवी चढू नये म्हणून पायांखाली पाण्याने भरलेले मातीचे परळ. रोज सकाळी ते भरायची. सांगलीहून माहेरी आले की मीही भरायचे.

त्या पाण्यावर झुरळं यायची! आई केरसुणी घेऊन मागे. "मेल्यांनो, माझ्या लेकाची खाट खाताय व्हय?"

तू किती हसला असतास! "आये, झुरळ खरकटं खातं. लाकूड खाती ती वाळवी." मग पुढचं मी ऐकायचं. झुरळ चपटं, पळपुटं, अंडी टाकून मोकळं होणारं. वाळवी मऊ, आंधळी, पण एकमेकींना भरवणारी. आणि तरी कूळ एकच! वाईच्या डोंगरातून तू कुजका ओंडका आणलास, आठवतं? आत काळं झुरळ, भोवती पिल्लं, सगळी लाकूड खात बसलेली. "अक्का, ह्यो बघ दोघांच्या मधला भाऊ!"

"आदी भाईर ने तो गोतावळा," आई ओरडली होती.

तुला वारं लागू नये म्हणून तिने खाट भिंतीला टेकवली होती. हे मला कसं दिसलं नाही? पायांखाली पाणी, आणि वाळवी मातीची नळी बांधत भिंतीवरून आली. वरून रंग शाबूत, आत भुगा.

आई तो पाय मांडीवर घेऊन बसली. पांढरे किडे तिच्या हातावर फिरत होते.

"झुरळांनी न्हाई खाल्लं?"

"न्हाई, आये. वाळवीनं."

तिने पाय खाली ठेवला. मग म्हणाली, "ह्या खाटंची लाकडं बंबात घाल. आज डोईवरनं पाणी घेते."

आधी ती न्हाली, मग मी. पाणी कढत होतं. मला तेवढंच कळलं.

परळ आईने धुऊन उपडे घातलेत.

एक पाय मी जाळला नाही. वाळवीसकट परसातल्या आंब्याखाली ठेवलाय. त्यावर कुणाला रॉकेल ओतू देणार नाही, दत्तू. सावकाश खाऊ देत.

तुझी,
अक्का