कपाटातले आठ दिवस

९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

पत्राच्या डोक्यावर शि.सा.न.वि.वि. लिहितात, त्यातलं एक अक्षर कशाचं ते मला माहीत नाही. पण जे काय असेल ते सगळं तुला. मी बरा आहे. मावशीचा डोळा कसा आहे? तिला सांग, नीट दिसायला लागलं तरी एवढ्यात माझा फोटो बघू नकोस, परत ऑपरेशन करावं लागेल.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर घाबरलो की मी विनोद करतो, तू हसतेस, आणि मी सुटतो. लहानपणापासून असाच सुटत आलोय.

लॅबमध्ये ठीक चाललंय. मी अजून काचा धुतो. तुझ्या शेजारच्या टेबलावरचे ते अत्तरवाले अजून अर्धी बाटली अंगावर ओतून येतात. तुझ्या खुर्चीवर खोके ठेवलेत. मावशी म्हणाली, तू आता शाळेत प्रयोगाच्या बाटल्या पुसून ठेवतेस. ते ऐकून मला जेवण गेलं नाही.

सोमवारी सर म्हणाले, "तुझ्या ताईच्या काचा धुऊन टाक, दुसऱ्यांना लागतील." चाळीस काचा. ट्रे घेऊन नळाशी गेलो, पण नळ सोडवेना. पहिल्या दिवशी तू म्हणालेलीस, "जपून रे. यावर चांदीच्या तारांचं जाळं आहे. केसाहून हजारपट बारीक, म्हणून काच आरपार दिसते आणि तरी वीज वाहते. हवेनं चांदी खराब झाली की तारा तुटतात. माझा लेप म्हणजे त्यांचं पांघरूण." मी म्हटलं, "म्हणजे लेप टिकला तर तू डॉक्टर, नाहीतर कल्हईवाली." तू फडकं फेकून मारलंस.

लेप नाही टिकला. म्हणजे टिकला, ताई. थांब, नीट सांगतो.

मावशीच्या ऑपरेशनला तू आठ दिवस गेलीस. जाताना बजावलंस, "रोज सकाळी मीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा. बाकी उद्योग नकोत." तोपर्यंत नव्वद दिवस मीच लिहीत होतो. प्रत्येक काचेचा आकडा नऊ ओहम, जागचा हलला नव्हता.

तू गेलीस त्याच दिवशी मी उद्योग केला. अत्तरवाले मला सगळ्यांसमोर घामट म्हणाले होते. दोन अंडी चांगली कुजवली, भोकं पाडलेल्या डब्यात घातली आणि डबा त्यांच्या खुर्चीमागच्या काचेच्या कपाटात, अगदी खाली, लपवला. वरच्या कप्प्यात तुझ्या काचा होत्या.

बिचारे स्वतःलाच हुंगायचे. दिवसाला तीन शर्ट बदलायचे. सगळ्यांना वाटलं, गटार तुंबलंय. सरांची खोली वरच्या मजल्यावर, त्यांना पत्ताच नाही. मी पोट धरून हसलो.

तिसऱ्या दिवशी आकडा अकरा आला. पाचव्या दिवशी चाळीस. सातव्या दिवशी मीटर काही दाखवेच ना. आठव्या दिवशी डबा फेकला, खिडक्या उघडल्या. तू आलीस, वही बघितलीस आणि तिथेच स्टुलावर बसलीस.

सरांनी तुला बोलावलं तेव्हा मी ट्रे घेऊन दारातच होतो. सर म्हणाले, "नव्वद दिवस नऊ आणि आठ दिवसांत खलास? असं होत नाही. आधीचे आकडे बसल्या जागी लिहिलेत." तू म्हणालीस, "वही माझा भाऊ लिहितो. वात्रट आहे, पण खोटा आकडा लिहिणार नाही." सरांनी मला विचारलं, "काय रे, बघून लिहायचास ना?"

"हो सर," म्हणालो. एवढंच. आणि महिन्याभरात तुला लबाड ठरवून कामावरून काढलं.

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, असं इथे लिहिणार होतो. दोनदा लिहिलं नि खोडलं, दिसत असेल. मला माहीत होतं. काचा धुताना मी माझी चांदीची अंगठी काढून त्याच कपाटात ठेवायचो. पाचव्या दिवशी त्या अंड्यांच्या वाफेने ती काळी ठिक्कर पडली. अंगठीही चांदीची, तुझ्या ताराही चांदीच्या. एवढं कळायला शाळा लागत नाही. अंगठी टूथपेस्टने घासली, बोटात घातली आणि त्याच हाताने वहीत चाळीस लिहिलं. तरीही डबा हलवला नाही. दुसऱ्या दिवशी प्लंबर यायचा होता, ती गंमत मला सोडवेना.

तर सोमवारी. नळ बंदच ठेवला आणि मीटर काढायला तुझ्या टेबलाचा खण उघडला. आत छोट्या डबीत सहा काचा, वर तुझ्या अक्षरात त्या चाळीस काचांचीच तारीख. त्याच दिवशी केलेल्या, तोच लेप, फक्त कपाटात नव्हत्या. मोजल्या. सात महिन्यांनी साही काचा नऊ. खात्रीसाठी परत मोजल्या. नऊच.

त्या सहा आणि खराब चाळीस घेऊन सरांकडे गेलो. डब्यापासून अंगठीपर्यंत सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. साही काचा त्यांनी स्वतः मोजल्या, मग विचारलं, "तेव्हा का नाही बोललास?"

म्हटलं, "तिने माझी बाजू घेतली होती. मी बोललो असतो तर ती खोटी पडली असती." माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोललो ते. न बोलल्यानेच तर तू खोटी पडलीस.

माझं काम येत्या शनिवारपासून बंद. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, मीही घेतलं नाही. सर लगेच तुला फोन लावत होते. मीच म्हटलं, पुढच्या बुधवारपर्यंत थांबा, आधी तिला माझ्याकडून कळू दे.

त्या बुधवारी त्यांचा फोन येईल, तो उचल. परत ये म्हणाले तर लगेच हो म्हणू नकोस. आधी त्यांना माफी मागू दे, सगळ्यांसमोर. तुझ्या काचा मी धुतल्या नाहीत, ट्रे त्यांच्या कपाटात आहे.

माझा फोन आला तर नाही उचललास तरी चालेल.

तुझा म्हणवून घ्यायची हिंमत नाही, तरी
तुझा धाकटा