गार वाऱ्याचा बंदोबस्त

२ मे, शनिवार
गाडीचा ब्लोअर वारला. आठवडाभर कण्हत होता, आज बाजारातून येताना गप्पच झाला. एसी थंड होतोय, पण ती थंडी आत फेकणारा पंखाच फिरत नाही. ही म्हणाली, मेकॅनिककडे टाका. एक मोटर बदलायला मेकॅनिक कशाला? तीन स्क्रूंचं काम. व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस शिट्टी वाजवत करतो.
पुढच्या रविवारी लेकीला नव्या नोकरीच्या गावी सोडायचंय. पाच तासांचा रस्ता आणि हे ऊन. संकल्प : उद्या दुपारच्या जेवणाआधी काम फत्ते.

३ मे, रविवार
काम उद्यावर. मोटर डाव्या सीटच्या पुढे, डॅशबोर्डच्या पोटात. डोकं आत घातलं, ते बाहेर येईना. शेवटी हिने पाय धरून ओढलं. माझ्या पोटाचा काही संबंध नाही. गाडीत जागाच कमी ठेवलीय. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. दुर्लक्ष केलं.

४ मे, सोमवार, संध्याकाळ
युक्ती सुचली. डावी सीटच काढून टाकली. आता आडवं पडून ऐसपैस काम. व्हिडिओवाल्याला हे सुचलं नाही. एक बोल्ट गंजला होता. पान्याला पाइप लावून जोर केला, करकरला, पण आला.
सीट बाहेरच्या खोलीत ठेवली. आई लगेच तिच्यावर जाऊन बसली. पाठ मागे नेता येते हे तिला फार आवडलं. म्हणाली, या घरात माझ्या पाठीचा विचार पहिल्यांदाच झाला.

५ मे, मंगळवार
जुनी मोटर निघाली. नवी आणली. जुनीही पेट्रोलने पुसून, टूथब्रशने घासून चकाचक केली. लेकीला दाखवावी म्हणून. ती आली नाही. हिचं म्हणणं, तुम्ही हाक मारायला हवी होती.
महिनाभर लेकीचं नि माझं बोलणं जेमतेमच. एवढ्या लांबची नोकरी मला न विचारता घेतली, त्यावर मी फक्त एवढंच म्हणालो होतो की आता तुझं तू बघ. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? तरी एकदा नीट बोलायचंय. घरात समोरासमोर जमत नाही. गाडीत जमेल. नजर रस्त्यावर असली की माणसाला बोलता येतं. म्हणून हीच गाडी न्यायची, मीच चालवायची.

६ मे, बुधवार
नवी मोटर बसवली. हूं नाही की चूं नाही. काढली, तडक स्पेअर पार्टवाल्याकडे गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं. तो म्हणत होता, ही आमची नव्हे. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात.
घरी आलो तर आई सीटवर रेलून बसलेली, मांडीवर एक मोटर. म्हणाली, ही कुणाची रे, टीपॉयवर पडलीय. म्हणजे घासलेली जुनीच मी परत बसवली होती. माझी सफाई इतकी चोख की मीच फसलो. दुकानदाराची माफी मागायला हवी. सध्या त्या रस्त्याने जात नाही.

७ मे, गुरुवार
कंबर धरली. विश्रांती. व्हिडिओ पुन्हा पाहिला.

८ मे, शुक्रवार
लेक आपणहून गाडीपाशी आली. म्हणाली, "बाबा, काचा खाली करून जाऊ ना. मला चालेल."
मी म्हटलं, माझी मुलगी माझ्या गाडीतून घामाघूम होऊन जाणार नाही. अर्धवट काम आपल्याला जमत नाही. ती जरा वेळ उभी राहिली, मग आत गेली. मला फार बरं वाटलं. रस्त्यात काय बोलायचं तेही ठरवलं. सुरुवात हवामानापासून.

९ मे, शनिवार
फत्ते! ब्लोअर चालू, चारही स्पीडवर. शंका घेणाऱ्यांना बोलावून वारा दाखवला. डिकी आणि मागची सीट लेकीच्या सामानाने भरली : गादी, कुकर, पुस्तकं.
मग पुढची सीट बसवायला घेतली. आधी आईला उठवण्यात तास गेला. गंजलेल्या बोल्टच्या भोकातले आटे गेलेत. नवा बोल्ट आणला, तोही नुसता गोल फिरतो. सीट धरत नाही, झोपाळा होतो. मेकॅनिक म्हणाला, सोमवारी बघू. मी म्हटलं, दोरीने आवळतो. ही म्हणाली, माझी मुलगी दोरीने बांधलेल्या सीटवर बसणार नाही, आणि टॅक्सी सांगून मोकळी झाली. सामान आपल्या गाडीत, लेक टॅक्सीत, असा तोडगा मी काढला. ही फोनवर टॅक्सीवाल्याला सामान किती ते सांगत होती.

१० मे, रविवार
सकाळी सामान टॅक्सीत चढवलं. एकच जागा उरली, ड्रायव्हरशेजारची. तिथे लेक बसली. मी खिडकीपाशी गेलो. पाणी पीत राहा, म्हटलं. ती हो म्हणाली.
संध्याकाळी पोचल्याचा फोन आला. हिने तो माझ्या हातात दिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, टॅक्सीत एसी नीट होता ना. म्हणाली, बंद होता, काचा खाली केल्या होत्या. ड्रायव्हर तुमच्याच वयाचे होते, बाबा. त्यांचीही मुलगी लांब असते. वाटभर तिच्याबद्दल बोलत होते, पाच तास कसे गेले कळलंच नाही.
मी म्हटलं, बरं झालं. आणि फोन हिच्याकडे दिला.