कुंडीतली ओली माती

३ मार्च

माती आजही ओली! गुरुवारपासून मी थेंब घातलेला नाही. बोट पेरभर आत खुपसलं तर चिखल लागला. की घातलं होतं आणि विसरले? नाही. मी विसरत नाही. विसरणाऱ्या माणसाला छापखान्यात कुणी मुद्रितं तपासायला ठेवत नाही.

आईने जाताना एवढंच बजावलं होतं — "सदाफुली तहानेने मरायची नाही, पाण्याने मरेल. वरची माती खडखडीत वाळल्याशिवाय तांब्याला हात लावू नकोस." पाय मोडला म्हणून गेल्या महिन्यात दादा तिला आपल्याकडे घेऊन गेला. त्याच्याकडे लिफ्ट आहे, इथे तीन जिने. "पाय सुधारला की आणून सोडतो," म्हणाला. तोवर गॅलरीतल्या तिच्या तीन कुंड्या माझ्या हवाली. पांढरी, जांभळी, गुलाबी.

५ मार्च

पांढरीची खालची पानं पिवळी पडली.

६ मार्च

दिवसभर एका औषधाचं माहितीपत्रक वाचलं. मुंगीएवढी अक्षरं. 'दिवसातून दोनदा'चं 'दिवसातून दहादा' झालं होतं, ते पकडलं. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या नजरेतून माशी सुटायची नाही!" घरी आले. सांगायला कुणी नव्हतं. शेवटी कुंड्यांना सांगितलं. वेड्यासारखं वाटलं, पण सांगितलं.

माती ओलीच.

९ मार्च, रविवार

आईचा फोन. पाय? "आहे." कधी येतेस? "बघू." मग नेहमीचं — "सदाफुली काय म्हणते?"

"छान आहे," म्हटलं. साफ खोटं! पांढरी जवळजवळ गेलीच आहे. तिला वाईट वाटू नये म्हणून बोलले, की माझ्यावर ठपका येऊ नये म्हणून? दुसरं कारणच खरं असावं. तिसरंही एक आहे, ते इथेच लिहिते. मनात एक खूळ बसलंय — झाडं जगली तर ती परत येईल. शिकलेल्या बाईने असं म्हणू नये. पण म्हणतेय खरी.

"आणि तू कुणाशी बोलतेस की नाही?" तिने विचारलं.

"तुझ्याशी बोलतेय की!"



१२ मार्च

पांढरी गेली. उपटली तर मुळं काळी, बुळबुळीत. कुजलेल्या बटाट्यासारखा वास. जांभळीनेही मान टाकलीय. नळ पाहिला, छत पाहिलं. वरच्यांचं धुणं मागच्या बाजूला वाळतं, तेही पाहून आले. पाणी येतंय कुठून? की मीच झोपेत उठून घालते? असलं काही सुचायला लागलं म्हणजे कठीण आहे.

१५ मार्च, शनिवार

छापखान्यातलं यंत्र बिघडलं. सगळ्यांना घरी धाडलं. दार उघडते तो गॅलरीत पाण्याचा आवाज!

शेजारची नर्सबाई. मधल्या कमरेएवढ्या भिंतीवरून अर्धी वाकून माझ्या गुलाबीवर तांब्या उपडा करत होती. हिची कायम रात्रपाळी. मी घरी येते तेव्हा ती निघते, ती येते तेव्हा मी निघून गेलेली असते. इतकी वर्षं भिंतीला भिंत, पण ओळख मान हलवण्यापुरती आणि कुलपाच्या आवाजापुरती.

"अहो! काय करताय?"

दचकली, पण तांब्या सोडला नाही. "काय म्हणजे? तुमचं काम करतेय! तुमच्या आईच सांगून गेल्यात — लेक विसरभोळी आहे, रोज तांब्याभर घाला. फक्त रविवारी नको, त्या दिवशी ती घरी असते."

"मी? विसरभोळी?"

"मला काय ठाऊक! एवढं पाणी पिऊन झाडं रोडावतायत, तेव्हा मीच म्हटलं, या घरची हवाच वाईट!"

"पाण्यानेच मेलं ते झाड! सदाफुलीला असं रोज पाणी घालतं का कुणी?"

"मग आईंना विचारा. मी माणसांची नर्स आहे, झाडांची नव्हे!"

भांडलो. चांगल्या तोंड भरून भांडलो. मध्येच ती म्हणाली, "थांबा, चहा उतू जातोय." आत गेली आणि दोन कप घेऊन आली. एक भिंतीवर ठेवला. भांडण पुढे चालू! साखर जास्त होती, तेही मी ऐकवलं. "फुकटचा आहे, गुमान प्या," म्हणाली.

आत आल्यावर कळलं, घसा बसलाय. एवढं बोलायची सवयच राहिली नव्हती.

पण आईने असं का सांगावं? मला 'पाण्याने मरेल' आणि हिला 'रोज घाला'? वयाने गोंधळली असेल का? हे वाक्य लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहिलं.

१६ मार्च, रविवार

जांभळीही गेली. फोनवर आईला सरळच विचारलं.

ती हसली! "सापडली का एकदाची? मला वाटलं, चार दिवसांत पकडशील. जाता-येता नुसत्या माना हलवणाऱ्या बायका तुम्ही! भांडल्याशिवाय काही बोलला नसतात."

"अगं, पण तुझी झाडं मेली."

"मरू देत." मग म्हणाली, "पाय बरा आहे गं. पण ते तीन जिने आता माझ्याने व्हायचे नाहीत."

संध्याकाळी शेजारच्या कुलपाचा आवाज झाला. मी दार उघडलं. ती किल्ली पर्समध्ये टाकत होती.

"काय हो, वाचलंय का एखादं झाड?"

"एक," म्हटलं.